ऊब राखण्याची विद्या

खुडूक कोंबडी टोपलीत बसवलेली तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तळाशी थोडी राख, वर भुसा किंवा गवत, त्यावर दहा-बारा अंडी, आणि अंग फुगवून बसलेली कोंबडी. एकविसाव्या दिवशी टरफलाच्या आतून टकटक ऐकू येते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. पण हेच काम कोंबडीवाचून करायला बसा, म्हणजे कळते की तिने तीन आठवडे केले काय. मला ते १९७८ साली कळले. ती हकीकत पुढे सांगणार आहेच. आधी माणसाने कोंबडीचे हे काम स्वतःकडे कसे घेतले आणि त्याला त्यात किती शतके घालवावी लागली, ते पाहू.

अडचण कुठे होती ते आधी समजून घ्या. ऊब निर्माण करणे अवघड नाही. उकिरड्यात ऊब असते, चुलीमागे असते, दुपारच्या पत्र्याखाली तर नको इतकी असते. अवघड आहे ती ऊब एकसारखी राखणे. अंड्याला लागते सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटच्या मापाने साडेनव्व्याण्णव ते शंभर. आपले अंग निरोगी असताना जेवढे ऊन लागते, जवळजवळ तेवढेच. दिवस आणि रात्र, पहाटेचा गारवा आणि दुपारचा तडाखा, सगळ्यातून एकवीस दिवस हा आकडा धरून ठेवायचा. आणि ही गोष्ट करायची होती अशा काळात, ज्या काळात ऊब मोजण्याचे साधनच जगात नव्हते.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की इजिप्तमध्ये लोक अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. तिथेच त्याने सिराक्यूज गावच्या एका दारुड्याची गोष्ट दिली आहे. हा गृहस्थ आपल्या चटईखाली मातीत अंडी ठेवी आणि वर बसून ती फुटेपर्यंत पीत राही! खरे-खोटे ॲरिस्टॉटल जाणे. दुसरी गोष्ट रोमची. तिबेरियस बादशहाच्या वेळी त्याची आई लिव्हिया गरोदर होती. मुलगा होईल की मुलगी हे पाहण्यासाठी तिने एक अंडे आपल्या उराशी ठेवून उबवले आणि तिच्या दासीही आळीपाळीने ते उराशी धरत, असे रोमन लेखकांनी लिहून ठेवले आहे. त्यातून झकास तुऱ्याचा कोंबडा निघाला म्हणे. शकुनाचे जाऊ द्या. माणसाच्या अंगाची ऊब अंड्याला पुरते आणि ती हातोहात देता येते, एवढे त्या बायकांना ठाऊक होते, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे.

पण एकेक अंडे उराशी धरून गावाचे पोट भरत नाही. हजारोंच्या हिशेबाने अंडी उबवण्याची युक्ती काढली ती इजिप्तच्या शेतकऱ्यांनी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोडोरस या इतिहासकाराने त्यांच्या या कसबाचे नवल केले आहे. पुढे सन १२००च्या सुमारास बगदादचा वैद्य अब्दुल लतीफ इजिप्तला गेला. त्याने या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन केले आणि लिहिले की या देशात कोंबडीखाली पिल्ले निघणे हीच विरळ गोष्ट आहे.

भट्टी कशी असे? कच्च्या विटांची, जाड भिंतींची, बुटकी इमारत. मधोमध अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा. प्रत्येक खोली दुमजली. खालच्या मजल्यावर चटईवर किंवा पेंढ्यावर हजारो अंडी, वरच्या मजल्यावर कडेने कोरलेल्या पन्हळीत शेण आणि भुसकटाचा धुमसता विस्तव. दोन्ही मजल्यांच्या मध्ये एक गोल भोक. वरची ऊब त्यातून खाली उतरे, माणूसही त्यातूनच ये-जा करी. धूर आणि जास्तीची ऊब जाण्यासाठी छताला झरोके. ऊब वाढली की झरोका उघडायचा, घटली की बोळा कोंबायचा. विस्तवही दिवसभर पेटता ठेवत नसत. थोडा वेळ पेटवायचा, मग विझू द्यायचा. जाड भिंतींनी जी ऊब पिऊन घेतलेली असे, ती त्या हळूहळू परत देत. आपल्याकडची मातीची भिंत दुपारी गार आणि रात्री उबदार असते ना, तेच तत्त्व. उन्हाचे चढउतार भिंत पोटात घेते आणि आतल्या अंड्यापर्यंत पोचू देत नाही.

आणि मोजमाप? राखणदार अंडे उचलून आपल्या डोळ्याच्या पापणीला लावी. हाताचा तळवा कामाने निबर झालेला असतो, पापणीची कातडी पातळ. तिला अर्ध्या-एक अंशाचा फरकही जाणवतो. बापाने मुलाला शिकवायचे ते हेच. नाईलच्या मुखाजवळ बर्मा नावाचे गाव आहे. तिथले लोक या कामात पटाईत. हंगाम आला की ते देशभरच्या भट्ट्यांवर कामाला जात, आणि विद्या घराबाहेर जाऊ देत नसत. त्यांचा गावकऱ्यांशी करार असे तो असा : तीन अंडी द्या, दोन पिल्ले घेऊन जा. पंचेचाळीस हजार अंड्यांना तीस हजार पिल्ले. वरचे जे निघेल ते भट्टीवाल्याचे, कमी पडले तर भरपाईही त्याचीच. म्हणजे ऊब राखण्यात चूक झाली तर त्याची किंमत खिशातून द्यावी लागे. हा करार तुम्ही ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट या लोकांनी हेरली होती, आणि ती मोठी आहे. सुमारे दहा-बारा दिवस झाले की ते विस्तव बंदच करून टाकत. का? तर तोपर्यंत अंड्यातला जीव मोठा झालेला असतो आणि स्वतःच ऊब देऊ लागतो. हजारो अंडी एकत्र असली की ती एकमेकांना उबवतात. चीनमध्येही हे माहीत होते. १९०९ साली किंग नावाच्या अमेरिकन शेतीशास्त्रज्ञाने तिथे प्रवास केला. पेंढ्याने मढवलेले मातीचे मोठे रांजण, खाली कोळशाचा मंद विस्तव आणि आत अंडी, असे उबवणगृह त्याने पाहिले. शेवटच्या दिवसांत ती अंडी फळ्यांवर मांडून नुसती पांघरुणाखाली ठेवत. आणि ऊब पाहण्याची रीत कोणती? अंड्याचा जाड भाग डोळ्याच्या खोबणीला लावायचा! कुठे नाईल, कुठे शांघाय. पण दोन्हीकडच्या माणसाला आपल्या शरीरातले सर्वांत नाजूक मापक एकाच ठिकाणी सापडले.

आता युरोपात येऊ. तिथल्या राजेरजवाड्यांनी इजिप्तच्या भट्ट्यांची नक्कल करून पाहिली, पण हवा थंड आणि पापणीची विद्या नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या हॉलंडच्या कारागिराने इंग्लंडमध्ये एक निराळीच भट्टी बनवली. नळीत द्रव भरलेला. भट्टी तापली की द्रव फुगे, तो पाऱ्याला ढकली, पारा एक दांडी उचली आणि दांडीने वाऱ्याचे दार मिटे. वारा कमी झाला की विस्तव मंदावे, द्रव आकसे, दार पुन्हा उघडे. राखणदाराशिवाय स्वतःला सांभाळणारे हे जगातल्या पहिल्या यंत्रांपैकी एक, आणि ते अंडी उबवण्यासाठीही योजलेले होते. आज कारखान्यांत, शीतपेट्यांत, इस्त्रीत जो उष्णता आवरणारा खटका असतो, त्याचा हा खापरपणजोबा. गुरुजींनो, वर्गात प्रसरण-आकुंचन शिकवताना गाडीच्या चाकाच्या धावेचे उदाहरण आपण देतोच. त्याच्या जोडीला हेही द्या.

पुढचे नाव रेओम्यूर. हा फ्रेंच शास्त्रज्ञ १६८३ साली जन्मला. १७३०मध्ये त्याने आपले तापमापक काढले. बर्फ विरघळते तिथे शून्य आणि पाणी उकळते तिथे ८० अंश. १७४९ साली त्याने अंडी उबवण्याच्या कलेवर दोन खंडांचा ग्रंथच लिहिला. कोंबडीखाली तापमापक ठेवून त्याने ऊब मोजली, ती त्याच्या मापाने सुमारे ३२ अंश भरली. इजिप्तच्या पापणीची विद्या पहिल्यांदा आकड्यात उतरली, ती अशी. मग त्याने शेणखताच्या ढिगात अंडी ठेवून पाहिली. पिल्ले मेली. ऊब बरोबर होती, पण खताच्या वाफेने घात केला. तेव्हा त्याने खतात लाकडी पिंप उभे पुरले, आत टोपल्यांतून अंडी ठेवली आणि झाकणाला भोके पाडून बुचे बसवली. ऊब वाढली की एक-दोन बुचे काढायची, घटली की लावायची. रोटीवाल्याच्या भट्टीवरची खोलीही त्याने वापरून पाहिली.

मला या मोठ्या शास्त्रज्ञाची एक गोष्ट फार आवडते. खेड्यातल्या बाईला काचेचे तापमापक परवडणार नाही आणि वाचताही येणार नाही, हे त्याला कळत होते. म्हणून त्याने सांगितले, की थोडे लोणी आणि चरबी एकत्र वितळवून लहान कुपीत भरा व ती अंड्यांशेजारी ठेवा. कुपी कलती केल्यावर मिश्रण दाट पाकासारखे ओघळले तर ऊब बरोबर. थिजले तर कमी, पाण्यासारखे पळाले तर जास्त. तापमापक काढणाराच तापमापकावाचून काम कसे भागेल हे सांगतो आहे. असे शास्त्रज्ञ थोडे.

याच शतकाच्या अखेरीस पॅरिसला बोनमँ नावाच्या गृहस्थाने नळ्यांतून गरम पाणी फिरवून उबवण्याची खोली केली. दोन निरनिराळे धातू ऊब लागल्यावर कमी-अधिक वाढतात, या गुणाचा उपयोग करून त्याने भट्टीचे दार आपोआप हलते ठेवले. पॅरिसच्या बाजाराला तो पिल्ले पुरवी. पुढे राज्यक्रांती झाली आणि त्याचा धंदा बसला. चांगले यंत्र बुडायला यंत्रातच दोष असावा लागतो असे नाही.

यापुढची पावले भराभर पडली. १८७९ साली कॅलिफोर्नियात पेटालुमा या गावी लायमन बाइस याने रॉकेलच्या दिव्यावर चालणारी पेटी बाजारात आणली आणि ते गाव अंड्यांसाठी जगात प्रसिद्ध झाले. १८८१ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअरसन याने पातळ पत्र्याची एक चपटी डबी बनवली आणि आत ईथर व मद्यार्काचे काही थेंब बंद केले. ठरलेल्या उष्णतेला ते थेंब उकळतात, डबी फुगते, वरची तरफ उचलते आणि दिव्याची जास्तीची ऊब धुराड्यातून थेट बाहेर जाते. इतके साधे आणि इतके भरवशाचे, की अशी फुगणारी डबी विसाव्या शतकातल्या लहान पेट्यांतही राहिली.

तिसरी सुधारणा अमेरिकेत ओहायोच्या डॉक्टर स्मिथची. मोठ्या खोलीत निरनिराळ्या वयाची अंडी ठेवायची आणि हवा जोराने फिरवायची, म्हणजे जुन्या अंड्यांची वाढती ऊब नव्या अंड्यांना मिळते. १९१८ साली त्याला याचे एकाधिकारपत्र मिळाले. त्यावरून इतकी भांडणे झाली, की १९३५ साली प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल स्मिथच्या बाजूने लागला. चीन-इजिप्तच्या राखणदारांना हे कळले असते, तर अंडी अंड्यांना उबवतात याबद्दल कोर्टकचेरी कसली, असे ते म्हणाले असते!

त्याच सुमारास पांढरी लेगहॉर्न कोंबडी जगभर पसरली. ती अंडी पुष्कळ घालते, पण खुडूक बसत नाही. म्हणजे यंत्र ही आता सोय राहिली नाही, गरज झाली. आपल्या देशातही सुधारित कोंबड्या आल्या, सरकारी उबवणकेंद्रे झाली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, तिचे मुख्य ठाणे आज पुण्यात आहे. मोठ्या उबवणगृहात एकेका वेळी हजारो अंडी ठेवलेली असतात आणि ऊब दशांश भागापर्यंत राखली जाते. तो कारखानदारीचा विषय झाला. आपला विषय घरातला आहे, तिकडे वळू.

१९७८ साली मी घोड नदीकाठच्या एका गावी शाळेत शिक्षक होतो. गावात नुकती वीज आली होती. मुलांना प्रयोग दाखवावा म्हणून आम्ही खोक्याची पेटी केली, आत चाळीस वॉटचे दोन दिवे, पाण्याची वाटी आणि शाळेचा तापमापक. पंधरा घरांनी दोन-दोन अंडी दिली. मुले कोळशाने खुणा करून दिवसातून तीनदा अंडी फिरवत. तेरा दिवस सगळे ठीक चालले. चौदाव्या रात्री वीज गेली. मी घाबरलो. पेटीखाली कंदील लावला, वर घोंगडी टाकली आणि झोपलो. पहाटे उठून पाहतो तो तापमापक १०८वर. दिव्यासमोर धरून पाहिले, एकाही अंड्यात हालचाल नाही.

अंडी देणाऱ्या घरांतल्या एक मावशी बघायला आल्या. त्यांनी एक अंडे पापणीला लावले — त्या काळी मला बर्म्याची काही खबर नव्हती — आणि म्हणाल्या, "मास्तर, अंडी गारठून नाही मेली. तुम्ही शिजवलीत."

मी म्हटले, "पण मावशी, वीज गेली होती. रात्रभर गार पडली असती ना?"

"कोंबडी दाणे टिपायला उठते, तेव्हा काय घड्याळ बघून उठते? पडली असती थोडी गार. दोन दिवस उशिरा फुटली असती."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. १०५ अंश फॅरनहाइटवर पाव तास गेला तरी आतल्या जिवाला गंभीर इजा होते. उलट ९५ अंशांवर तीन-चार तास गेले, तर वाढ मंदावते एवढेच. अंडे गारव्याला सोसते, चटक्याला सोसत नाही. कोंबडीही रोज एकदा पाव-अर्धा तास उठतेच. चौदाव्या दिवसाला तर अंडी आपली ऊब आपण देत होती. वीज गेल्यावर पेटी नुसती गुंडाळून ठेवली असती, तरी सकाळपर्यंत बरेच निभावले असते.

म्हणून घरी पेटी करणाऱ्यांना माझे सांगणे असे. पहिल्यांदा रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहा, मगच अंडी ठेवा. पेटीत पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा विटा ठेवा. इजिप्तच्या भिंतींचे काम त्या करतील, ऊब एकदम चढू वा उतरू देणार नाहीत. तापमापक अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर हवा. छताशी टांगलेला तापमापक फसवतो. पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या माथ्याशी १०१-१०२ अंश दिसावेत, पंखा असेल तर साडेनव्व्याण्णव. हवेचा आकडा क्षणभर वरखाली झाला म्हणून खटक्याशी खेळत बसू नका. हवा लगेच बदलते, अंड्याच्या पोटातली ऊब सावकाश बदलते. पाण्याच्या लहान बाटलीत बुडवलेला तापमापक अंड्याच्या मनातले जास्त बरोबर सांगतो. दुसऱ्या आठवड्यानंतर आकडा आपोआप चढू लागला, तर यंत्र बिघडले असे समजू नका. दिवा लहान करा. वीज गेली तर झरोके अर्धवट झाका, पेटी गोधडीने लपेटा आणि उघडून पाहण्याचा मोह टाळा. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणे बंद करा आणि ओल वाढवा.

आपल्याकडे वैशाखाचा प्रश्न वेगळाच असतो. विदर्भात, मराठवाड्यात पारा ४२-४३ सेल्सिअसवर गेला की पेटीला ऊब द्यायची नसते, काढून घ्यायची असते. अशा दिवसांत पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंडी उबवायला ठेवण्याआधी सांभाळणे. उन्हाळ्यात फळीवर पडलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते आणि तिथेच जीव जातो. मग दोष पेटीला किंवा कोंबडीला! अशी अंडी माठाशेजारी, ओल्या फडक्याच्या गारव्याला ठेवावी आणि आठवड्याच्या आत बसवावी.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी पुन्हा पेटी मांडली. गावकऱ्यांनी पुन्हा अंडी दिली, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी आत चार बाटल्या पाणी होते, आणि मावशी रोज संध्याकाळी येऊन एखादे अंडे पापणीला लावून जात. वीज दोनदा गेली. मी कंदील कोनाड्यातच ठेवला. बाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत तीस अंड्यांतून एकोणीस पिल्ले निघाली. पुढे बर्म्याच्या कराराविषयी वाचले तेव्हा हिशेब केला. तीनाला दोन म्हणजे वीस पिल्ले द्यायला हवी होती. एक कमी पडले होते.